पिनेची मुरड
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात पावसाळा, आई, शिवराय आणि बेकारी हे चार विषय पहिल्या पाच मिनिटांतच वाटले गेले. माझ्या वाट्याला काही उरले नाही. मग हाताने जे थोडेफार येते त्याविषयीच लिहावे असे मी ठरवले. बारावीची परीक्षा झाल्यावर एक आणि त्यानंतरच्या वर्षी एक, अशा दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी पेणला मामांकडे राहून गाड्यांच्या वायरिंगच्या एका गॅरेजात काम शिकत काढल्या. तेथे दिवसातून सर्वांत जास्त वेळा करावे लागणारे काम म्हणजे वायरीच्या टोकाला पिन बसवणे. कला शाखेच्या अंकात हा विषय काहींना अस्थानी वाटेल. परंतु ज्या एस.टी.ने, मिनीडोरने किंवा मोटारसायकलने आपण येथे येतो, त्या प्रत्येक वाहनात अशा कितीतरी पिना असतात, आणि त्यांतली एक सुटली तर काय होते ते मी पाहिले आहे. ते पुढे येईलच.

पिन म्हटल्यावर टाचणी डोळ्यांसमोर आणू नये. गाडीच्या वायरिंगमधली पिन म्हणजे पितळेच्या पातळ पट्टीतून कापून वळवलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याचे तीन भाग असतात. पुढचा भाग समोरच्या पिनेत शिरतो किंवा तिला आपल्यात घेतो. मधल्या भागाला दोन लहान कान असतात. ते वायरीच्या उघड्या तांब्याला धरतात. मागच्या भागाला दोन मोठे कान असतात. ते वायरीच्या प्लास्टिकच्या सालीला धरतात. अशा पिना ज्या प्लास्टिकच्या डबीत बसवतात तिला गॅरेजात कपलर म्हणतात. पिनेच्या अंगावर एक बारीक जीभ उचललेली असते. ती कपलरच्या आत अडकते, म्हणून पिन मागे सरकत नाही.

नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की, वीज तांब्यातून जाते, मग सालीला धरणारे ते मागचे कान कशासाठी? मलाही पडला होता, आणि पहिल्या आठवड्यात मी चारही कान तांब्यावरच दाबत असे. मिस्त्रींनी एक वायर घेतली आणि माझ्यासमोर टोकाशी पाच-पंचवीस वेळा इकडून तिकडे वाकवली. तांब्याच्या तारा एकेक करून तुटल्या. गाडी चालते तेव्हा प्रत्येक वायर अशीच थरथरत असते. मागचे कान ही थरथर सालीवरच अडवतात, पुढच्या नाजूक तारांपर्यंत जाऊ देत नाहीत. पुढचे कान विजेसाठी आणि मागचे कान ओढीसाठी, ही वाटणी कळली की अर्धे काम कळले.

आता कान दाबणे या क्रियेकडे येऊ. इंग्रजीत हिला क्रिंपिंग म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द चालतो. गॅरेजात कोणी 'पिन पंच कर' म्हणते, कोणी 'लग दाब' म्हणते. मी मराठी विषय घेतला आहे, त्यामुळे मला यासाठी आपला शब्द हवासा वाटला. तो शोधायला फार लांब जावे लागले नाही. दिवाळीत आई करंजी भरते, दोन्ही कडा एकत्र आणते आणि अंगठ्याने दाबत दाबत मुरड घालते. क्रिंपिंग म्हणजे हीच मुरड. करंजीच्या पारीत चिकटवायला गोंद नसतो. दोन कडा नीट दाबून एकमेकींत गेल्या की त्या एक होतात. मुरड कच्ची राहिली तर करंजी तेलात उकलते आणि सारण कढईभर होते. वरून पाहताना मात्र कच्ची मुरड आणि पक्की मुरड सारखीच दिसते. पिनेचेही तसेच आहे, आणि या कामातली खरी अडचण हीच आहे.

आत नेमके काय घडते? तांबे कितीही चकचकीत दिसले तरी हवेत राहिल्यामुळे त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढलेला असतो. हा थर विजेला तांब्याइतका सहज वाट देत नाही. पिनेचे कान जोराने मिटतात तेव्हा आतल्या तारा एकमेकींवर घासतात, चेपतात, लांबतात. त्या घासण्याने थर फाटतो आणि खालचे ताजे तांबे ताज्या धातूला भिडते. पुरेसा दाब असेल तर काही ठिकाणी दोन्ही धातू न तापवताच एकमेकांत रुजतात. शिवाय तारांमधल्या फटी बुजतात, त्यामुळे हवा आणि पाणी आत शिरत नाही, आणि आतला भाग पुढे कित्येक वर्षे ताजाच राहतो. पितळी पिनेवर बहुधा कथिलाचा मुलामा असतो, म्हणजे आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात तशीच ही कल्हई. कथिलावरचा ऑक्साइडचा थर पातळ आणि ठिसूळ असतो, तो दाबताच फुटतो. तेही येथे उपयोगी पडते.

धातू दाबला की तो थोडा परतही येतो. आपण खोडरबर दाबून सोडतो तेव्हा ते जसे फुगते तसेच, फक्त फार थोडे. पिनेचे कान जितके परत येतील त्याहून आतल्या तारा अंमळ जास्त परत येऊ पाहतात, पण त्यांना जागाच नसते. म्हणून हात काढून घेतल्यावरही आतून बाहेर आणि बाहेरून आत असा दाब कायम राहतो. जोड टिकतो तो या राहिलेल्या दाबावर.

मग जितके जास्त दाबावे तितके चांगले काय? नाही. कमी दाबले तर फटी राहतात. जास्त दाबले तर तारा चेपून इतक्या बारीक होतात की ओढताच तुटतात, किंवा पिनेलाच तडा जातो. मधे एक ठरावीक जागा आहे, आणि ती पिनेप्रमाणे व वायरीप्रमाणे बदलते. पिना बनवणारे कारखाने दाबलेल्या भागाची उंची किती असावी हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवून देतात. हाताच्या अंदाजाने ही जागा सापडत नाही. त्यासाठी खास पक्कड असते. तिच्या जबड्यात पिनेच्या मापाची खाच कोरलेली असते. त्या खाचेत पिनेचे दोन्ही कान वर जाऊन आत वळतात आणि तारांमध्ये घुसतात. कापून पाहिले तर आडव्या पडलेल्या इंग्रजी बी अक्षरासारखा आकार दिसतो. चांगल्या पकडीला आत दात्यांचे कुलूप असते. एकदा दाबायला सुरुवात केली की शेवटपर्यंत दाबल्याशिवाय ती उघडतच नाही. माणसाचा हात दुपारी चार वाजता दुखू लागतो आणि अर्धवट दाबू लागतो, हे ओळखूनच कोणीतरी ही युक्ती काढली असली पाहिजे.

वायर सोलण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे अनेक वायरमन वायर दाताने सोलतात आणि त्याचा त्यांना अभिमानही असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरीत पाव मिलिमीटर जाडीच्या साधारण ३० तारा असतात. ब्लेडने किंवा दाताने सोलताना त्यांतल्या पाच तुटल्या तर वायरीचा सहावा भाग तेथेच गेला. उरलेल्या २५ तारांसाठी पिनेची खाच सैल पडते. म्हणून सोलायला मापाच्या खाचा असलेला स्ट्रिपर वापरावा. सोललेले तांबे इतके असावे की पुढच्या कानांच्या पलीकडे ते किंचित डोकावेल, आणि पुढच्या व मागच्या कानांच्या मधल्या फटीत तांबे आणि साल दोन्ही दिसतील. तांबे दिसले नाही तर कानांखाली साल सापडली आहे, साल दिसली नाही तर मागच्या कानांना धरायला काही नाही. दाबलेल्या भागाचे मागचे टोक कर्ण्याच्या तोंडासारखे किंचित पसरट राहिले पाहिजे, नाहीतर त्याची धार तारांना कापते.

घरातल्या बोर्डासाठी जे तयार लग मिळतात त्यांना रंगीत टोप्या असतात. लाल टोपी अर्ध्यापासून दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी, निळी दीड ते अडीचसाठी, पिवळी चार ते सहासाठी. दुकानात लाल संपले म्हणून निळे घेऊन जाणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. त्याच्यापुढे काही बोलायची माझी तेव्हा छाती नव्हती.

येथे कोणीही विचारील की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ डाख का देऊ नये? माझा स्वतःचाही समज असाच होता की दाबून वर डाख दिला की जोड दुप्पट पक्का. मिस्त्री असे करू देत नसत. वितळलेला डाख तारांमधून केशाकर्षणाने वर चढतो, म्हणजे कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते तसाच, आणि सालीच्या आत जाऊन थिजतो. तेवढी वायर मग काडीसारखी ताठ होते. थरथर जेथे येऊन थांबते ती जागा म्हणजे या ताठ भागाचा शेवट, आणि वायर नेमकी तेथेच तुटते. आधी तारांना डाख लावून मग पिन दाबली तर आणखी वाईट. कारण डाख मऊ असतो, दाबाखाली महिनोन्‌महिने हळूहळू सरकत राहतो आणि जोड आपोआप सैल पडतो. रेडिओच्या आतल्या पट्टीवर डाख उत्तम. धावत्या गाडीत मुरड बरी.

हा अनुभव जगाला मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या महायुद्धात आला. १९४१ साली अमेरिकेत व्हिटेकर नावाच्या अभियंत्याने 'एअरक्राफ्ट अँड मरीन प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. नावाप्रमाणेच तिचा माल विमानांसाठी आणि जहाजांसाठी होता: डाखाशिवाय, नुसत्या दाबाने बसणारी वायरींची टोके. युद्धाच्या घाईत हजारो जोड भराभर व्हायला हवे होते आणि विमानाच्या थरथरीत टिकायलाही हवे होते. प्रत्येक जोडासाठी तापलेले सोल्डरिंग आयर्न आणि कसबी हात कोठून आणणार? पुढे ही कंपनी आद्याक्षरांवरून अँप या नावाने प्रसिद्ध झाली. आजच्या एका मोटारगाडीतल्या सगळ्या वायरी एका रेषेत मांडल्या तर एक किलोमीटरच्या पुढे जातील, आणि त्यांच्या टोकांना बसलेल्या बहुतेक पिना दाबूनच बसवलेल्या असतात.

आता ती गोष्ट, जी मी आतापर्यंत पुढे ढकलत आलो.

माझे वडील रोहा ते नागोठणे मिनीडोर चालवतात. पहिल्या सुट्टीत, मे महिन्यात, ते गाडीच्या पुढच्या दिव्यांचे वायरिंग बदलून घ्यायला पेणला आले. लग्नसराईचे दिवस होते, त्यांना लवकर परतायचे होते. मिस्त्री एका टेम्पोखाली झोपून काम करत होते आणि पिना दाबायची चांगली पक्कड त्यांच्याजवळ होती. गॅरेजात ती एकच होती. मी मागितली असती तर पाच मिनिटे थांबावे लागले असते. पण बाबा बाकड्यावर चहा घेत माझ्याकडे पाहत होते. मुलगा काम शिकला हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होते. मी साधी पक्कड घेतली आणि अकरा पिना दाबून टाकल्या. दिवे लागले. बाबांनी मिस्त्रींना मजुरी दिली, मला वीस रुपये दिले आणि ते गेले.

मिस्त्रींचा एक नियम होता. ते म्हणत, "पिन बसवलीस की वायर ओढून बघ. हातात आली तर ती तुझी, नाही आली तर गिऱ्हाइकाची." दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर नीट दाबलेल्या पिनेने साधारण १५ किलो वजनाइतकी ओढ सोसावी अशी अपेक्षा असते. मी त्या दिवशी एकही वायर ओढून पाहिली नाही. येईल अशी भीती होती म्हणून नव्हे. बाबांसमोर एखादी हातात आली तर कसे दिसेल, म्हणून.

श्रावणात एका रात्री शेवटच्या फेरीला बाबा नागोठण्याहून रोह्याकडे निघाले. गाडीत सहा उतारू होते, त्यांत एक बाळंतीण माहेरी चालली होती. पाऊस होता. भिसे खिंडीच्या वळणात दोन्ही दिवे एकदम गेले. बाबांनी सांगितले ते असे की, समोर रस्ता होता आणि पुढच्या क्षणी काहीच नव्हते. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी कडेला नव्हे, जेथे होती तेथेच उभी राहिली. मागून येणारा ट्रक किंवा दरी, दोहोंपैकी काहीही घडू शकले असते. घडले नाही. मग पुढे बसलेल्या दोघांनी मोबाइलचे उजेड बाहेर धरले आणि त्या उजेडात, माणसाच्या चालीने, गाडी खिंड उतरली. बाबा घरी आले तेव्हा अंगातला सदरा पावसाने भिजला होता की घामाने, हे आईला कळेना.

सकाळी मी कपलर उघडला. दोन्ही दिव्यांना वीज नेणारी जी एक सामाईक वायर, तिची पिन निसटली होती. कपलरचे पांढरे प्लास्टिक तेवढ्या भागात तपकिरी होऊन वितळले होते. पिनेच्या कानांवर साध्या पकडीच्या आडव्या दात्यांचे वण होते. स्वतःचे अक्षर जसे ओळखू येते तसे मला ते ओळखू आले.

पिन वितळेपर्यंत तापली कशी, याचा हिशेब अकरावीच्या पुस्तकातून उसना घेऊन मांडता येतो. १२ व्होल्टवर चालणारा ५५ वॅटचा एक हॅलोजन दिवा साडेचार अँपिअरच्या वर वीज घेतो; दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर. सैल जोडाचा रोध ओहमचा फक्त दहावा भाग धरला, तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने ८ वॅट उष्णता होते. आठ वॅट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ती पेराएवढ्या पिनेत, बंद डबीत, तासन्‌तास साठत असते. पिन तापली की फुगते, दिवे बंद केले की आकसते, आणि दर वेळी थोडी आणखी सैल होते. सैल झाली की आत हवा शिरते, ऑक्साइडचा थर वाढतो, रोध वाढतो, आणि ती आणखी तापते. मे महिन्यात जोडलेली पिन श्रावणापर्यंत टिकली ती या चक्राला तेवढे दिवस लागले म्हणून. वर आमच्याकडचे रस्ते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात या भागातल्या गाड्यांच्या पिनांची जी परीक्षा झाली ती कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नसेल.

या हिशेबातली एक गोष्ट घराघरांतल्या लोकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. सैल जोड तापत असताना फ्यूज उडत नाही. फ्यूज किंवा एम.सी.बी. पाहतो तो प्रवाह ठरलेल्यापेक्षा जास्त वाहतो आहे का एवढेच. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. त्यामुळे पहारेकरी जागा असतो आणि चोर घरातलाच असतो. गिझरच्या किंवा इस्त्रीच्या प्लगाचे भोक काळे पडणे, बोर्डाला जळका वास येणे, दिवा मधूनच मिणमिणणे, ही त्याची लक्षणे. बटण दोनदा दाबून दिवा परत लागला म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नये.

बाबांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "पिन सुटली होती." ते म्हणाले, "आता कंपनीचा मालच तसा येतो." मी काही बोललो नाही. ती एक पिन बदलली. बाकीच्या दहांना मी हात लावला नाही, कारण लावला असता तर का लावतो हे सांगावे लागले असते.

त्या दिवाळीत माझा चुलतभाऊ घरी आला. तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात कंत्राटावर इलेक्ट्रिशियन आहे. अशा ठिकाणी तापलेला जोड ही थट्टा नसते. तेथे मनगटाएवढ्या जाड केबलींना लग बसवतात ते तेलाच्या दाबाने चालणाऱ्या यंत्राने. ते लगाला सहा बाजूंनी चेपते. केबल ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या टोकाला आधी खास मलम लावतात, कारण ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर फार चिवट असतो. ॲल्युमिनियम आणि तांबे थेट एकमेकांवर बसवायचे नसतात, ओल लागली की ॲल्युमिनियम झिजते. म्हणून एक तोंड ॲल्युमिनियमचे आणि दुसरे तांब्याचे असे दुहेरी लग मिळतात. चालू पॅनेलमधला कोणता जोड तापला आहे ते उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून तपासतात, हेही त्याने सांगितले.

त्याने खिशातून एक तुकडा काढून दाखवला. चांगला दाबलेला लग त्याने हॅकसॉने आडवा कापून पॉलिश पेपरवर घासला होता. मी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहिला. गोल तारा गोल राहिल्याच नव्हत्या. एकमेकींवर दाबून त्या सहाकोनी, पाचकोनी झाल्या होत्या आणि मधमाशांच्या पोळ्यासारख्या एकमेकींना लागून बसल्या होत्या. मधे फट शोधून सापडेना. मग मी पेटीत जपून ठेवलेली ती खिंडीतली पिन काढली. तिच्यात अजून वायरीचे बोटभर टोक होते. वायर पुढे तुटली असेल अशी माझी आधी समजूत होती, पण ती कानांतूनच सरकत आली होती आणि चार-सहा तारा आत राहिल्या होत्या. एवढ्यावर काही दिसणार नव्हते. म्हणून भावाने साध्या पकडीने तशीच एक नवी पिन मला दाबायला लावली, ती एम-सीलच्या गोळ्यात बसवली, गोळा वाळल्यावर कापली आणि घासली. डब्यात लाडू भरल्यासारख्या तारा आत गोल गोल होत्या आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी. बाहेरून दोन्ही सारख्या. स्वयंपाकघरात आई करंज्यांना मुरड घालत होती. तिला बोलावून दोन्ही तुकडे दाखवले, तेव्हा तिने दुसऱ्याकडे पाहून "ही तेलात फुटणार" असे म्हटले आणि ती परत गेली.

पेण आणि रोहा या भागात या फटींचे आणखी एक कारणाने भय आहे. पेणच्या खाली सगळा खारेपाट, पूर्वीपासूनची मिठागरे, आणि वर्षातले चार महिने पाऊस. खाऱ्या दमट हवेत तांब्यावर जंगाल लवकर चढते. पावसाळ्यानंतर गॅरेजात येणाऱ्या गाड्यांचे कपलर उघडले की आत हिरवी बुरशी आल्यासारखे दिसते. ज्या पिना नीट दाबलेल्या असतात त्यांच्याही बाहेरच्या अंगावर ते असते, पण दाबलेला भाग कापला तर आत तांबे लालभडक. वर आकसणारी नळी चढवली किंवा निदान वायर खालून वर येईल अशी बांधली, म्हणजे पाण्याचा थेंब वायरीवरून ओघळत पिनेत जाणार नाही, तर आणखी बरे.

भाद्रपद आला की पेणमध्ये आणि हमरापूर-जोहे भागात गणपतींच्या कारखान्यांत रात्री-रात्री दिवे जळतात, आणि नंतर गावोगावच्या मखरांत माळा लागतात. बहुतेक ठिकाणी दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला असतो. एल.ई.डी.च्या माळा वीज फार थोडी घेतात, म्हणून निभावते. त्याच पिळलेल्या वायरीवर कोणी मोठा हॅलोजन किंवा पाण्याची मोटार लावली, तर वरचा हिशेब लागू होतो. मंडळातल्या मित्रांना माझी विनंती आहे की या वर्षी पिळाऐवजी स्क्रूचे किंवा दाबायचे कनेक्टर आणावेत. ते फार महाग नसतात, आणि बसवून द्यायला मी येईन.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी पेणला जाऊन मिस्त्रींकडून त्यांची पक्कड एका दिवसापुरती मागून आणली. कशाला हवी हे त्यांनी विचारले तेव्हा खरे सांगितले. ते फक्त एवढेच म्हणाले की सोमवारी नऊच्या आत परत आण. संध्याकाळी घरासमोर मिनीडोर उभी करून मी कपलर सोडले. बाबांनी मोबाइलचा उजेड धरला.

"या चांगल्या आहेत की," ते म्हणाले.

"या मी बसवल्या होत्या. ती पण मीच बसवली होती."

बाबांनी मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग एकेक ओढून बघ."

जुन्या दहांपैकी चार हातात आल्या.